पोट्ट्याचे पैसे

म्युच्युअल फंडाच्या एजंटकडे लोक पैशाचं बोलायला येतात अन् घरचं सांगून जातात. रायपूरच्या तात्यापाऱ्यात माझं एवढंसं ऑफिस, पण किस्से ठेवायले जागा नाही! हसायचा पहिले सांगतो. बाकीचे मग.

*

वानखेडे साहेब मंत्रालयात नोकरीले. बाजार पडला की नया रायपूरहून त्यांचा फोन, "भैया, सब निकालो!"

"साहेब, पैसे पोट्ट्याच्या लग्नासाठी ठेवले ना? पोट्टा कितवीत आहे?"

"तिसरीत."

"मग आतापासून काहून घाबरून राहिले?"

"बायकोले न सांगता ठेवले ना बाप्पा!"

*

देशकरकाका रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांना व्हॅल्यू फंड समजावून सांगत होतो. चांगली कंपनी भाव पडलेला असताना घ्यायची अन् वाट पाहायची.

काका म्हणाले, "म्हणजे आमची ही! बाजार उठता उठता जाते अन् स्वस्तात भाजी आणते. पण वाट पाहायचं माझं वय राहिलं का?"

मग त्यांना बॅलन्स्ड फंड दिला. थोडे शेअर, थोडे बाँड, जिवाला घोर नाही.

*

काकांचा मनोज लग्नावरून बापाशी भांडून बंगलोरले गेला, तो गेलाच. फोनही उचलेना. एक दिवस काका आले. "या फंडातून दर महिन्याले ठरलेली रक्कम माझ्या बँकेत येईल असं कर."

याले आमच्यात एसडब्ल्यूपी म्हणतात. सही झाली, काका निघाले अन् दारातून परत फिरले.

"काकूले बोलू नको हं. मी नगद काढून तिच्या हातात देईन. पोट्ट्यानं पाठवले म्हणीन. रडून रडून अर्धी झाली रे ती."



*

थोड्याच दिवसांनी काकू हजर! चेहरा कसा फुललेला.

"मनोज पैसे पाठवते रे! पण माझ्यानं खर्च नाही होत. लेकराच्या घामाचे आहेत. त्याच्यासाठीच कुठं वाढत ठेव. अन् यांना सांगू नको, म्हणतील घरात वापर."

ते नगद तिच्या बँक खात्यात भरायले लावलं अन् तिथून दर महिन्याची एसआयपी सुरू केली. लांब मुदतीचा इक्विटी फंड, नॉमिनी मनोज.

म्हणजे काकांच्या फंडातून निघालेले पैसे घरी जाऊन काकूच्या फंडात! अन् माझ्या तोंडाले दोघांचंही कुलूप.

एकदा काकांना आडून म्हटलं, "हे थांबवा. उगाच टॅक्स भरून राहिले."

"भरू दे. पैसे देतो त्या दिवशी ती दोन घास जास्त खाते."

त्या दिवशी मलाच जेवण गेलं नाही.

*

काका गेले. बसल्या जागी, अटॅकनं. मनोजचा नंबर शेवटपर्यंत लागला नाही. काकांचं खातं थांबलं, तशी ती एसडब्ल्यूपीही थांबली.

तेरवी झाल्यावर काकू ऑफिसात आली. मले वाटलं, काकांच्या कागदांसाठी आली असेल. पाणी दिलं, ते तिनं तसंच ठेवलं.

"या महिन्यात मनोजचे पैसे नाही आले रे. असं कधीच झालं नाही. बरा असेल ना तो?"

मी काकांची फाइल हळूच ड्रॉवरात सरकवली.

"तुझ्यापाशी त्याचा नंबर असेल तर लाव. त्याले म्हण, पैसे नको पाठवू बाबा, लय झाले. रिकाम्या हातानं ये, पण ये."