ब्रेक नसलेली म्हैस

कोल्हापुरात थापा मारणारी माणसं पोत्यानं सापडतील. पण आपली थाप मापात बसते की नाही हे पट्टी लावून तपासून घेतल्याशिवाय ती घराबाहेर न सोडणारी व्यक्ती मी जन्मात एकच पाहिली. ती माझी मामी. मामी लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तकं करते. गोष्ट तिची, चित्रं तिची आणि छपाई माझी, कारण मंगळवार पेठेत माझा छापखाना आहे आणि लग्नपत्रिका व कुस्तीच्या मैदानांची पोस्टरं यांच्या मधल्या वेळात मशीन रिकामं असतं. तिच्या पुस्तकांत मुंग्या दुमजली घर बांधतात, चंद्र मिसळ खायला खाली उतरतो, रंकाळ्यातला मासा सायकल शिकतो आणि पहिल्याच दिवशी गुडघा फोडून घेतो. माशाला गुडघा असतो का, असं तिला विचारायची सोय नाही. 'फुटला म्हणजे होताच की,' असं उत्तर येतं.

पुस्तक चालू असेपर्यंत त्यातली पात्रं तिच्या घरीच मुक्कामाला असतात. माझ्या लग्नात मामी अक्षता पडून गेल्यावर आली. "हत्ती जिन्यात अडकलाय, निघंना," एवढंच कारण तिनं सांगितलं. चार दिवस ती ज्या चित्रावर बसली होती, त्यातला तो हत्ती. आमच्याकडच्या मंडळींनी मान डोलावली आणि तिला जेवायला बसवलं. माझे सासरे इचलकरंजीचे, त्यांना ही भानगड ठाऊक नव्हती. ते हात धुताधुता थांबले आणि म्हणाले, "मग फायर ब्रिगेडला कळवलंय न्हवं?" मामी म्हणाली, "त्यांचा बंब जिन्यात मावत न्हाय." सासऱ्यांना ते पटलं. अजूनही दिवाळीला आले की ते हत्तीची चौकशी करतात.

भाजी ती चेहऱ्यावरून घेते. वांग्यांच्या ढिगापुढं बसून एकेक वांगं वळवून बघते आणि 'हे रागीट हाय', 'ह्याला सर्दी झाल्यागत वाटतंय' असं म्हणत बाजूला ठेवते. भाजीवाली पहिल्यांदा चिडायची. पण मामी चित्रकलेची मास्तरीण होती आणि भाजीवालीची दोन्ही पोरं तिच्या हाताखालून गेलेली, त्यामुळं आता तीच हाक मारते, "बाई, हे बघा, शाळंत जाणाऱ्यागत दिसतंय." असंच एक वांगं एकदा फारच पसंत पडलं. ते पुस्तकाचा नायक म्हणून आठवडाभर खिडकीत बसलं आणि मामांनी आठवडाभर पिठलं खाल्लं.

मामांचा उद्यमनगरात लेथचा कारखाना होता. मामा बोलत नसत. रागानं नव्हे, सवयच नव्हती. 'जेवाय वाढ', 'लाईट गेली' आणि 'आली' एवढं बोलून झालं की त्यांचा दिवस पुरा व्हायचा. अपवाद रविवार सकाळचा. त्या दिवशी मामी आठवड्याचं चित्र त्यांच्यापुढं ठेवायची. मामा चष्मा लावायचे, पोलादी पट्टी आणि निळी पेन्सिल काढायचे आणि कारखान्यात लेथवरून उतरलेला लोखंडी जॉब तपासावा तसं ते चित्र तपासायचे. पसंत पडलं तर मागच्या बाजूला निळ्या अक्षरात 'पास'. नाही पडलं, तर मात्र मामा बोलायचे. मिसळ खाणाऱ्या चंद्राच्या वेळी मी तिथं हजर होतो. मामा म्हणाले, "खाल्ली मिसळ, झेपली, समजा. पर रश्श्याचा कट जातोय कुठं?" मामी म्हणाली, "चंद्र हाय हो तो." मामा म्हणाले, "चंद्र असला म्हणून काय झालं? माल आत गेला की भाईर याला वाट पायजे." अर्धा तास वाद चालला. मामांनी हातवारे केले, एकदा तर हसलेसुद्धा. शेवटी मामीनं चंद्राच्या पाठीला एक छोटा नळ काढला आणि चित्र पास झालं. तो नळ पुस्तकात आहे. मुंग्यांच्या जिन्याचंही तेच झालं. पायऱ्या उंच काढल्या म्हणून मामा खवळले: "मुंगीला सहा पाय. म्हंजे माणसाच्या तिप्पट दमणार." मामीच्या एकूणएक पुस्तकांतलं एक सोडलं तर कुठलंही चित्र 'पास'शिवाय माझ्या छापखान्यात आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मामा गेले. कारखान्यातून आले, "च्या टाक" म्हणाले आणि चहा होईपर्यंत थांबले नाहीत.

तेव्हा टेबलावर म्हशीचं पुस्तक होतं. चालून चालून कंटाळलेली एक म्हैस पायांना चाकं बसवून घेते आणि जोतिबाला दर्शनाला जाते, अशी गोष्ट. चौदा चित्रं पास झालेली. शेवटचं राहिलं होतं: गुलालात न्हालेली म्हैस डोंगर उतरते आहे. मामीनं त्यावर वर्तमानपत्र झाकलं आणि वर पोलादी पट्टी ठेवली. मी महिन्या-दीड महिन्यानं विचारायचो. ती म्हणायची, "पास न्हाय झालेलं." तिचा आवाज अगदी साधा असायचा, त्यामुळं मी चहा पिऊन परत यायचो. मग एक दिवस भाजीवालीनं मला रस्त्यात थांबवलं. म्हणाली, "बाईंचं काय बिनसलंय? हाताला येतील ती वांगी पिशवीत टाकत्यात. बघत बी न्हाईत." तेव्हा मात्र मी घाबरलो. पुस्तक राहिलं तर राहू दे, पण असं चालू राहिलं तर मामीच राहणार नाही, हे मला लख्ख दिसलं.

म्हणून एका रविवारी सकाळी मी तिच्याकडं गेलो, वर्तमानपत्र बाजूला केलं, चष्मा पुसला आणि पट्टी हातात घेतली. मला लेथमधलं ओ की ठो कळत नाही. तरी दहा मिनिटं चित्र न्याहाळल्यावर मला सापडलं. मी मामांच्या थाटात म्हणालो, "मामी, एवढा उतार हाय आणि म्हशीला ब्रेक कुठाय?"

 मामी उठली, कपाटातून एक जाड फाईल आणली आणि माझ्यापुढं उघडली. आत सगळ्या पुस्तकांची पहिली कच्ची चित्रं होती. चंद्राच्या पाठीला नळ होता. मुंग्यांच्या पायऱ्या बुटक्या होत्या. सगळ्यात वर म्हैस होती आणि तिच्या चारी चाकांना व्यवस्थित ब्रेक होते.

"लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी चिमणीच्या घराला दार काढाय विसरले," मामी म्हणाली. "खरंच विसरले. तर हे अर्धा तास बोलले. वर्षभरात तेवढं बोलले नव्हते. मग म्हटलं, हे बरं हाय. तवापासनं दर चित्रात एक चूक घालायची."

"मामांना कळलं न्हाय कधी?"

"कुणास ठाऊक. कळलं असलं तरी बोलणार थोडंच."

 मी ब्रेकवालं चित्र उचललं आणि म्हणालो, "मग हेच पक्कं कर, उद्या छपाईला घेतो." तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं. "न्हाय. बिनब्रेकचंच छाप. त्यांच्यासाठी काढलेलं हाय ते." आणि तसंच ते छापलं. पास नसलेलं ते एकच.

पुस्तकाच्या मागं छापखान्याचा पत्ता आणि फोन नंबर असतो. पंधरा दिवसांत मोबाईलवर पोरांच्या आवाजात निरोप यायला लागले. 'आजी, म्हस पडंल की.' 'आजी, तुम्ही ब्रेक विसरलाय.' एका मुलीनं टपालानं चित्रच काढून पाठवलं, त्यात म्हैस कोल्हापुरी चपला रस्त्याला घासत वेग कमी करते. मामी रोज सकाळी छापखान्यात येते, कागदांच्या गठ्ठ्यावर बसून एकेक निरोप ऐकते आणि प्रत्येकाशी पोटभर वाद घालते. चपलांचं चित्र तिनं उलटं केलं आणि मागं निळ्या पेन्सिलीनं 'पास' लिहिलं. जाताना परवा तिच्या पिशवीतून एक वांगं डोकावत होतं. चेहऱ्यानं जरा आखडू वाटलं.

अलीकडं निरोप कमी झालेत. पोरं मोठी होतात, पुस्तकं जुनी होतात. मामी दारातूनच विचारते, "कोण बोललं काय रं आज?" कुणी बोललेलं नसलं की मी मशीन थांबवतो, पुस्तक उघडतो आणि एखादी चूक शोधायला बसतो. मला मामांसारखं जमत नाही. काल फार वेळ गेला, मग मी म्हणालो, "मामी, म्हशीला मागचा लाल दिवा न्हाय."

"दिवसा चाललीया ती," मामी म्हणाली. मग गठ्ठ्यावर नीट मांडी घातली, पदर खोचला आणि म्हणाली, "तरी पण सांग, कुठं बसवला असतास?"