पुढचं टेबल

हसीनाताईंनी दुरुस्त केलेला मोबाइल माझ्या दुकानात कधी परत आला नाही, हे मी रहाटणीत कुणालाही छातीठोकपणे सांगतो. एवढा हात असलेली बाई महाळुंग्याच्या गोदामात खोक्यांना टेप का लावते, असं कुणी विचारलं की मात्र माझं डोकं फिरतं. परवा एका गिऱ्हाइकाला मी सरळ दुसऱ्या दुकानात जा म्हणून सांगितलं. धंद्याला हे बरं नाही, पण माझा स्वभावच तसा.

त्याआधी बाई बारा वर्षं महाळुंग्यातच एका कंपनीत होत्या. तिथे गाड्यांच्या मागच्या दिव्यांचे बोर्ड बनत. मशीनकडून जे तिळाएवढे एलईडी वाकडे बसत, ते उचलून नवे बसवायचे, एवढंच त्यांचं काम. भिंगाखाली बोर्ड, हातात चिमटा आणि रोखलेला श्वास; कारण जरा जोरात श्वास सोडला की दिवा उडाला, मग बसा फरशीवर शोधत. दिव्यावर एक हिरवा ठिपका असतो आणि बोर्डावर एक बारीक रेघ. दिवा उलटा बसला तर पेटत नाही, म्हणून ठिपका रेघेकडे ठेवायचा, चटका द्यायचा, झालं. झालेला बोर्ड डाव्या हाताला सरकवायचा. तो पेटतो की नाही हे बघणं पुढच्या टेबलाचं काम. आपणच तपासत बसलं तर सुपरवायझर अंगावर यायचा. मग कंपनीनं नवं मशीन आणलं. त्याचे दिवे वाकडे बसतच नाहीत. कंत्राटी बायकांचं ते टेबलच उचललं गेलं.

माझ्या दुकानात त्या स्वतःचा फोन घेऊन आल्या होत्या. मी सोल्डरचा डाग देताना बघत राहिल्या आणि म्हणाल्या, सुजितभाऊ, तुमचा हात थरथरतो. मला राग आला, पण खोटं नव्हतं. मी चिमटा त्यांच्या हातात दिला. तेव्हापासून बारीक काम आलं की त्यांना फोन करायचो. काम झालं की त्या सवयीनं डावीकडे सरकवायच्या. तिथे माझा चहा असायचा. दोनदा तो गिऱ्हाइकाच्या अंगावर सांडला. मग मी चहा हलवला आणि तिथे मीटर घेऊन बसायला लागलो. त्या सरकवायच्या, मी तपासायचो.

पण असं काम रोज कुठलं येणार? मधले दिवस त्या घरी बसायच्या आणि ते त्यांना खात होतं. एकदा म्हणाल्या, "मला रोज जायला एक टेबल पाहिजे. घरी बसून हात मरतो माझा."

ते टेबल सोपानरावांकडे होतं. सोपानराव चाकणचे. जमीन कंपन्यांत गेली, तेव्हा राजगुरुनगरच्या रस्त्याला त्यांनी पोरांच्या खेळांचं मोठं दालन काढलं. बंद पडलेल्या कुठल्याशा रिसॉर्टमधून पिनबॉलचं एक जुनं मशीन उचलून आणलं. काचेखाली उतरती फळी, बाजूची बटणं दाबली की लोखंडी गोळी वर उडते, आपटेल तिथे दिवे लागतात. पण या मशीनचे दिवे मेले होते. खालचा बोर्ड घेऊन सोपानराव माझ्याकडे आले, मी हसीनाताईंकडे बोट दाखवलं. त्यांनी बाईंना नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "ह्यो बोर्ड आता कुठंच मिळत न्हाई. एवढा पेटवून दाखवा, मग आमच्या समद्या मशिनी तुमच्याकडं. बसायला टेबल बी देतो."

बाईंनी पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत स्वतः जाऊन दिवे आणले. कामाला बसल्या तेव्हा पंखा बंद केला, उजव्या हातातली बांगडी उतरवली. मी मीटर पुढे केला तर म्हणाल्या, "आज तुम्ही हात लावू नका, भाऊ. नाहीतर ते म्हणतील, सुजितनंच केलं." बरोबर होतं त्यांचं. मी माझा मीटर घेऊन गिऱ्हाइकांकडे वळलो. मेलेले दिवे काढून त्या नवे बसवत गेल्या, आणि इतकी सरळ रांग मी आजवर पाहिली नाही. बाहेर सोपानरावांच्या गाडीचा हॉर्न वाजला तेवढा एक दिवा चिमट्यात फिरला. हा उलटा बसला, म्हणाल्या, पण ते आलेच, पेटवून दाखवलं की सुलटा करते.

सोपानराव खुर्चीत बसले. बाईंनी बोर्डाला वायर जोडली.

एकच दिवा लागला.

बाईंनी भिंग ओढून त्याच्यावर धरलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "हा एकच उलटा होता."

कंपनीच्या दिव्यांत ठिपका वजा टोकाला असायचा. या दिव्यांत तो अधिकच्या टोकाला होता. बनवणारा बदलला की ठिपका बदलतो, आणि हे मीटर लावून एका क्षणात कळतं. पण मीटर लावायचा असतो पुढच्या टेबलानं. बारा वर्षं ज्या बाईला तपासू नको म्हणून दटावलं, तिला त्या दिवशी तपासायचं सुचलं नाही, यात तिचा दोष काय, हे मला कुणीतरी सांगावं.

सगळे पुन्हा काढायचे ठरले. गरम हवेची नळी लावली. पण जुना बोर्ड, एकदा तापलेला. दिव्यांबरोबर खालचं तांबंही सुटून आलं, भाजलेल्या वांग्याची साल निघावी तसं. आता त्यावर काहीच बसणार नव्हतं. बाई तरीही भिंगातून बघत राहिल्या. मला तिथे उभं राहवेना.

सोपानराव चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "जाऊ द्या, ताई. चाकणात दिव्यांची तयार पट्टी मिळती, ती काचंखाली चिकटवतो. पोरान्ला काय कळतंय?" आणि टेबलाचं मी विचारलं तर म्हणाले, पट्टीच बदलायची तर टेबल कशाला लागतंय.

पट्टी लागली. मी जाऊन पाहिलं. गोळी कुठेही आपटो, सगळे दिवे आपले सारखे जळत असतात. पोरं रांगा लावून खेळतात.

बाईंनी चिमटा माझ्याकडेच ठेवला. मी चारदा बोलावलं, त्या नको म्हणाल्या. गेल्या सुट्टीला काळेवाडीच्या भाजीबाजारात भेटल्या, तेव्हा कामाचं विचारलं. खोकं बंद करायचं, टेप लावायची, डावीकडे सरकवायचं, म्हणाल्या. मी उगाच हसून म्हटलं, म्हणजे पुढचं टेबल आहे की तिथंही.

"आहे," त्या म्हणाल्या. "पण ते काही बघत नाही, भाऊ. नुसतं उचलतं."