आई शुद्ध बोलायला लागली तेव्हा

आम्ही गाव सोडलं त्या दिवशी सुमी एसटीत चढेना. माझी धाकटी बहीण, पाच वर्षांची. दाराच्या दांड्याला तिने असा विळखा घातला की बाबा, कंडक्टर, थोरली काकी, सगळ्यांनी हात टेकले. तुम्ही गावाकडचे सगळे तिथेच उभे होतात, आठवत असेल. शेवटी आईने तिच्या कानाशी तोंड नेलं आणि बोलायला सुरुवात केली. "बग गो बाय, आता पूल येतलो. भिया नको हां." पूल गेला, घाट गेला, आई बोलतच होती. झाडं, म्हशी, शेजारणीची पिशवी, जे दिसेल ते सांगत होती. मुंबई येईपर्यंत तिचा घसा पार बसला, पण सुमी मांडीवर शांत होती.

तुम्हाला त्यात नवल वाटलं नसेल. आईचं तोंड कधी मिटलंय, असं तुम्हीच म्हणायचात. सुमी कोणाकडे बघायची नाही, हाकेला वळायची नाही, झाडूतल्या हिराच्या काड्या ओळीत लावत बसायची. आईचा आवाज आला की मात्र उठून यायची. तिचं स्वतःचं बोलणं म्हणजे "आये" आणि "व्हया", बस्स. काकी म्हणायची, बोलेल उशिरा, घाई कसली. पण गावच्या डॉक्टरांनी सांगितलं, मुंबईला न्या, तिथे अशा मुलांची तपासणी होते. बाबा तेव्हा चारकोपच्या एका कारखान्यात लागले होते, जवळच्या सेक्टरात खोलीही मिळाली होती. सुमी बोलायला लागावी म्हणून आम्ही निघालो. दुसरं कारण नव्हतं.

चारकोपला तेव्हा अर्धी घरं बांधून व्हायची होती. जिकडे बघावं तिकडे वाळूचे ढीग आणि सळ्या. सुमीची मजा झाली, ती दिवसभर खडी ओळीत लावायची. आम्ही मात्र दवाखाने फिरत होतो. एक म्हणाला मतिमंद आहे, दुसरा म्हणाला लाडावून ठेवलीय. असं करत करत एका मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंकडे पोचलो.

त्या सुमीसोबत सरळ जमिनीवर बसल्या. ठोकळे दिले, बाहुली दिली, नावाने हाक मारली, टाळी वाजवली. मग आईला बारीकसारीक विचारलं आणि म्हणाल्या, ऑटिझम. आम्ही तो शब्द पहिल्यांदा ऐकला. बाबांनी विचारलं, "बरी कधी होईल?" त्यांनी ठोकळे गोळा करून डब्यात भरले. मग त्यांनी आईला विचारलं, "घरात हिच्याशी असंच मालवणी बोलता? ते बंद करा. शाळेत शुद्ध मराठी असणार, दोन-दोन भाषांनी तिचा गोंधळ होतो. एकच बोला, स्वच्छ, पुस्तकातलं."

बाई वाईट नव्हत्या हो. सुमीच्या तोंडाची लाळ त्यांनी स्वतःच्या रुमालाने पुसली होती. त्या काळी सगळे हेच सांगायचे. आईने मान डोलावली, आणि घरी आल्यापासून पथ्य पाळावं तसं ते पाळलं.

पण आईकडे ती भाषा होती कुठे? चौथी शिकलेली बाई. मी तेरा वर्षांची, मीच तिची मास्तरीण झाले. "व्हया नाही गं आई, हवं म्हण." मग ती जपून जपून बोलायची. "सुमती, हे पाणी आहे. सुमती, इकडे ये." पहिलीच्या पुस्तकाचा धडा वाचावा तसं. तेवढं झालं की पुढचं सापडायचं नाही आणि ती गप्प व्हायची. चिडणं, लाड करणं, खोटं खोटं रागावणं, हे सगळं तिला फक्त मालवणीत यायचं. हळूहळू घर मुकं झालं. आमच्या आईची वाट लागली आणि आम्हाला वाटत होतं की उपचार चाललाय.

सुमीचे ते दोन शब्दही त्याच वर्षी गेले. भाषेमुळे गेले की जायचेच होते, कोण सांगणार? पण "आये" ही हाक पुन्हा कोणी मारली नाही.

शनिवारी सुमीला उपचाराला नेलं की हॉस्पिटलच्या बाकावर मुलुंडच्या कांबळेकाकू भेटायच्या. सोलापूरकडच्या, त्यांचा मुलगाही सुमीसारखाच. पोरं आत गेली की त्या आईचा हात धरून म्हणायच्या, "बोल गं बाई आता. मला समदं कळतंय." आणि आई सुटायची. आठवड्याचं साचलेलं सगळं मालवणीत. दार उघडून सुमी बाहेर आली की वाक्य अर्ध्यात सोडायची. आम्हाला आधार म्हणाल तर तो बाक होता.

दोन वर्षांनी मे महिन्यात आम्ही गावी आलो. काकीने अंगणातून हाक मारली, "ये गो सुमे, पेज घे." सुमीने दोन्ही कान दाबून धरले. काकी म्हणाली, "काय गो, ह्या चेडू आमका इसारला?" आई पटकन म्हणाली, "नाही हो वहिनी, ती दमली आहे." तुम्ही सगळे हसलात. "मास्तरणीसारख्या बोलाक लागली गो ही!" तुमच्या मनात काही नव्हतं, ठाऊक आहे मला. पण आई विहिरीमागे जाऊन ढसाढसा रडली. त्यानंतर ती गावी आली नाही. तुम्हाला वाटलं, मुंबईची शिंगं फुटली.

परवा सुमीला नव्या डॉक्टरांकडे नेलं होतं. तरुण मुलगी आहे. सगळं ऐकून म्हणाली, "भाषा बदलायची काहीच गरज नव्हती हो. आईने आपल्या भाषेत बोलायला हवं होतं." माझ्या अंगाची लाही लाही झाली. घरी येऊन मी ते आईला सांगून टाकलं. म्हटलं, आता बोल हवं तेवढं मालवणी, तुला कोण अडवतंय?

आई तांदूळ निवडत होती. तिने सुमीकडे बघितलं. सुमी आता तिशीची आहे, अजून बोलत नाही. पण "सुमती, इकडे ये" म्हटलं की येते.

"नको," आई म्हणाली. "तिला एकदा गावातून उपटून आणली. हे माझं असलं बोलणं आता तिला घरचं वाटतं. ते नको मोडायला."

तुम्ही पत्रातून विचारता, घरी कधी येणार. आईला विचारलं तर ती म्हणते, मी घरीच आहे. परवापासून मला ते ऐकवत नाही.