पुढं केलेलं दार

बजाजनगरच्या पलीकडं एका गोदामाला भरदुपारी आग लागली आणि दोन कामगार गेले. चौकशीसाठी एका निवृत्त न्यायाधीशांचा आयोग नेमला गेला. आयोगाला मदत करायला आम्ही दोन सरकारी वकील होतो. एक मी, बावीस वर्षं फौजदारी खटले चालवलेला. दुसऱ्या एक मॅडम, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. हे आकडे मला पाठ आहेत, कारण त्या काळात मी ते रोज मनात घोकत होतो.

पहिल्याच दिवशी न्यायाधीश म्हणाले, "इथं तुमचा अशील कोणी नाही. काय झालं, तेवढं मला नीट कळू द्या." मॅडमना ते समजलं. मला नुसतं ऐकू आलं. मी आरोपी शोधायला लागलो. आयुष्यभर तेच केलं होतं.

साक्षीदारांची शपथपत्रं तयार करणं हे आमचं काम. मॅडम साक्षीदाराच्या शेजारी बाकावर बसायच्या, चहा मागवायच्या आणि बराच वेळ काही विचारायच्याच नाहीत. मग लोक आपणहून बोलायचे. सुनावणीच्या हॉलमध्ये येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "मॅडम कुठं हायत?" मी समोरच बसलेला असायचो. जेवणाच्या सुट्टीत त्या शेंगदाण्याची चटणी द्यायच्या, तर मी पित्ताचं कारण सांगायचो. मला पित्त नव्हतं.

गोदामाचा वॉचमन पैठणकडचा, साठीला आलेला. त्याचं शपथपत्र मी केलं. तो म्हणाला, "साहेब, मागलं दार पुढं केलं अन् पाणी भराया गेलो." मी लिहिलं, 'मागील दरवाजा बंद केला व पाणी भरण्यास गेलो.' नियमाप्रमाणं वाचून दाखवलं, भराभर. तो "व्हय" म्हणाला आणि सही केली.

दोघं कामगार त्याच दाराशी सापडले होते. माझ्या त्या एका ओळीनं सगळा दोष वॉचमनवर गेला. गोदामाच्या मालकाचा वकील तर तेवढी ओळच धरून बसला.

एका सकाळी मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. "सर, ते दार बंद नव्हतं. मी त्यांना काल पुन्हा विचारलं. नुसतं पुढं केलं होतं."

"एकच ते."

"एकच कसं, सर? तुम्ही दार पुढं करून दूध आणायला जाता, तेव्हा कडी घालता का?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "दार का उघडलं नाही, याचं कारण बाहेरच्या बाजूला असेल. ते गेल्यावर तिथं माल रचला म्हणतात. शपथपत्र तुमचं आहे, दुरुस्ती तुम्हीच द्या."

मी अजिंठ्याकडचा. दार पुढं करणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको होतं. कानावर घरचा शब्द पडला आणि हातानं कचेरीचा लिहिला. पण ते तिनं दाखवावं, हे मला सोसवेना. "बघतो," म्हणालो. आणि दोन तारखा बघितलंच नाही.

त्या दोन्ही तारखांना वॉचमन व्हरांड्यात एकटा बसलेला असायचा. कामगार त्याच्या बाकावर बसायचे नाहीत. दुसऱ्या खेपेला एक जण जाता जाता म्हणाला, "का हो मामा, कडी लई घट्ट घातली व्हती का?" वॉचमन आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिला.

पुढच्या तारखेला मी उभा राहिलो आणि सांगितलं की साक्षीदाराचा शब्द मी चुकीचा उतरवला. दोन्ही शब्द समजावून सांगितले. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "सरकारी वकिलानं भर सुनावणीत स्वतःची चूक सांगावी, हे मी फार कमी वेळा पाहिलंय." दाराची पाहणी करायचा आणि बाहेर माल कोणी रचला हे मालकाला विचारायचा आदेश त्यांनी तिथंच दिला.

सगळे माझ्याकडं बघत होते. ही चूक माझ्या सहकारी वकिलांनी दाखवली, एवढं वाक्य राहिलं होतं. ते जिभेवर आलंही होतं. पण इतक्या दिवसांनी लोक माझ्याकडं बघत होते. "आभारी आहे," म्हणालो आणि बसलो. मॅडम पुढच्या साक्षीदाराचे कागद लावत होत्या.

व्हरांड्यात वॉचमननं हात जोडले. "लई उपकार झाले, साहेब." मग म्हणाला, "पण मॅडमचं नाव नाय घेतलं तुम्ही."

"घाईत राहून गेलं."

"व्हय," तो म्हणाला. शपथपत्र वाचून दाखवल्यावर म्हणाला होता, अगदी तसंच.