कुंपणाबाहेरचे व्याही

हर्नडनहून निघालो तेव्हा माझी लेक मुग्धा तिच्या घराच्या दारात उभी राहून खिदळत होती. "आई, तू आणि कार रेस! फोटो काढून बाबांना पाठव हं, नाहीतर ते बिलीव्हच करणार नाहीत." तिला ऑफिसचं काम होतं, म्हणून ती येणार नव्हती. मी आणि माझा जावई टायलर, असे दोघंच त्याच्या वडिलांकडे निघालो होतो, व्हर्जिनियाच्या पार दक्षिण टोकाला. माझी ही अमेरिकेची तिसरी फेरी. धबधबा पाहून झाला, पुतळा पाहून झाला, मॉल तर इतके पाहिले की आता मॉल म्हटलं की माझे गुडघे दुखायला लागतात. म्हणून यंदा टायलरच म्हणाला, "आई, या वेळी माझं गाव बघा. आमच्याकडे दिवाळी नव्हती, पण रेस होती."

तो मला आईच म्हणतो. त्यातली 'ई' अशी लांबवतो की कुणी विहिरीत पडलंय की काय, असं वाटावं. पण गुणी पोरगा आहे. त्याच्याशी आणि त्याच्या वडिलांशी माझं सगळं बोलणं माझ्या नागपुरी इंग्रजीत होतं, इथे ते मराठीत लिहिते आहे.

हर्नडनच्या काचेच्या इमारती मागे पडल्या आणि रस्ता डोंगराच्या कडेने धावू लागला. निळसर डोंगर, त्याखाली हिरवी कुरणं, कुरणात काळ्या गाई. रस्त्यात एका टपरीवर पाटी होती, 'उकडलेल्या शेंगा'. मी म्हटलं, थांबव रे गाडी! भुईमुगाच्याच शेंगा, मिठाच्या पाण्यात मऊ उकडलेल्या, गरम पिशवीत बांधून दिल्या. सातासमुद्रापार येऊन उकडलेल्या शेंगा मिळाव्यात, बाप्पा! टपरीवालीने विचारलं, "रेसला चाललात?" टायलर हो म्हणाला. "आम्ही जायचो," ती म्हणाली. "आता नाही जात. त्यांनी सगळी वाट लावली." कुणी वाट लावली, कशाची लावली, हे मला काही कळलं नाही. मी आपल्या शेंगा सोलत बसले.

व्याह्यांचं घर लाकडी, बैठं, पुढे ओसरी. अंगणात एक जुना ट्रक उभा होता, त्याच्यावर वाळकी पानं साचली होती आणि एक चाक बसलेलं. व्याह्यांचं नाव रॉय. उंच, हाडकुळे, डोक्यावर रेसची टोपी. विहीणबाई लग्नाआधीच गेल्या, त्यामुळे त्यांना मी पाहिलेलं नाही. मुग्धाच्या लग्नात 'व्याही' म्हणजे काय आणि त्याचा मान केवढा असतो, हे मी रॉयना समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून ते स्वतःची ओळख "मी व्याही" अशीच करून देतात. माझ्यासाठी त्यांनी मांस न घालता घेवड्याची उसळ शिजवली होती आणि कॉर्नब्रेड (मक्याच्या पिठाचा भाजलेला खरपूस पाव) केला होता. चहा ओतताना मात्र त्यांनी कपाच्या आत बोट धरलेलं मी पाहिलं. मनात म्हटलं, जळ्ळं मेलं, हात तरी धुतलेत का? पण तो चहा मी प्यायले. व्याह्यांच्या हातचा चहा टाकायचा नसतो.

जेवताना मी सहज विचारलं, "उद्याच्या शर्यतीत जिंकणार कोण?" झालं! मधमाश्यांच्या पोळ्यावर दगड मारल्यासारखं झालं. शर्यत स्टॉक कारची, म्हणजे दिसायला रस्त्यावरच्या साध्या मोटारीसारखी, आतून मात्र राक्षस असलेल्या गाड्यांची. पूर्वी म्हणे वर्षभराच्या सगळ्या शर्यतींचे गुण मोजायचे आणि ज्याची बेरीज जास्त तो विजेता. मग स्पर्धा भरवणाऱ्या मंडळींना वाटलं की लोकांना कंटाळा येतो. त्यांनी वर्षाचा निकाल शेवटच्या एकाच शर्यतीवर आणून ठेवला.

"म्हणजे वर्षभर वर्गात पहिला नंबर काढायचा आणि शेवटच्या पेपरला सर्दी झाली तर नापास?" मी म्हटलं.

रॉयनी टेबलावर थाप मारली. "टायलर, ऐकलंस? तुझ्या सासूला पाच मिनिटांत कळलं! त्या शहाण्यांना अजून कळत नाही."

मग एकेक तक्रार बाहेर आली. शर्यतीचे तीन तुकडे केलेत आणि प्रत्येक तुकड्यानंतर गाड्या उगाच हळूहळू फिरवत ठेवतात, टीव्हीवाल्यांना जाहिराती दाखवता याव्यात म्हणून. शेवटी शेवटी कुणी फार पुढे गेला की पिवळा झेंडा दाखवतात, 'रस्त्यावर कचरा पडलाय' म्हणतात आणि सगळ्यांना पुन्हा एका रांगेत आणतात. तो कचरा कधी कुणाला दिसत नाही. गाड्या सगळ्या एकाच साच्यातल्या, त्यामुळे कुणी कुणाच्या पुढेच जाऊ शकत नाही. आणि तिकीट फोनवर. "खिडकीत माणूसच नाही," रॉय म्हणाले. "शिव्या तरी कुणाला द्यायच्या?" नियम आता पुन्हा बदललेत, असं टायलर मध्येच म्हणाला. "आणि पुन्हा बदलतील," रॉयनी त्याला उडवून लावलं.

सकाळी मी तिखटमिठाच्या पुऱ्या बांधल्या, पायात बूट घातले, सलवार-कुडत्यावर रॉयनी दिलेली टोपी चढवली. ट्रॅक छोटा, गावाच्या कडेला. आजूबाजूच्या टेकड्यांवर गाड्याच गाड्या, तंबू, झेंडे, कोळशावर भाजलेल्या मांसाचा धूर. आम्ही एका उतारावर गाडी लावली, घडीच्या खुर्च्या मांडल्या, रॉयनी छोटा रेडिओ लावला. समोर काय, तर ग्रँडस्टँडची (प्रेक्षकांच्या चढत्या बाकांची) पाठ! लोखंडी खांब आणि तिकडे लगबगीने जाणारे लोक. मी म्हटलं, थोडा दम खाऊन जाणार असतील. तेवढ्यात आत असा काही गडगडाट झाला की माझ्या छातीत धडधडायला लागलं. शर्यत सुरू झाली. आमच्यातलं कुणी उठेना.

"अरे, सुरू झाली ना? चला की!"

टायलरने मला बाजूला घेतलं. "आई, सॉरी, आधी सांगायला हवं होतं. पपा आत जात नाहीत. त्यांच्या आवडत्या ड्रायव्हरला वर्षभर जिंकूनसुद्धा शेवटच्या शर्यतीत हरवलं, तेव्हा त्यांनी शपथ घेतली. तेव्हापासून दर वेळी येतात आणि इथेच बसतात. मी दर वेळी त्यांचंही तिकीट काढतो. या वेळी वाटलं, तुम्ही आलात तर कदाचित..."

मी कपाळावर हात मारला. म्हणजे नागपूरहून येऊन मी स्टेडियमची पाठ बघायची? चांगलं फाडफाड बोलावं म्हणून मी वळले, तर रॉय गुडघ्यांवर कोपरं टेकून बसले होते, मान तिरकी, कान ट्रॅककडे. गाड्या त्या टोकाला गेल्या की त्यांची मान हळूच तिकडे वळायची. इतक्या प्रेमाने ऐकणाऱ्या माणसाला काय बोलणार? माझा राग तिथेच विरला.

माझ्या बहिणीच्या लग्नात, वर्ध्याला, नवरदेवाचे काका रुसले होते. सरबत आधी दुसऱ्या कुणाला दिलं, एवढंच निमित्त. मांडवाबाहेर कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले, ना घरी जात होते, ना आत येत होते. आम्ही मुली वैतागलो, तर वडील म्हणाले, "अगं, त्यांना जायचंच असतं तर एव्हाना एसटी स्टँडवर पोचले असते. हात धरून आणायला कुणीतरी यावं, एवढीच त्यांची अपेक्षा आहे." हे रॉय अगदी तसेच, कितीतरी शर्यती कडुनिंबाखाली उभे होते. आणि आतल्या मंडळींपैकी कुणाला पत्ताही नव्हता की बाहेर कुणीतरी आपला रुसून बसलाय.

मी पुरी हातात घेतली आणि त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. "व्याही, ती आतली माणसं काही बोलवायला यायची नाहीत. त्यांना तुम्ही माहीतच नाही. पण मी मुलीची आई आहे. आमच्यात मुलीच्या आईने हात धरला की रुसलेल्या व्याह्याला उठावंच लागतं, अशी रीत आहे." अशी काही रीत नाही. मी तिथल्या तिथे बनवली.

त्यांनी हात पुढे केला. पुरी खाल्ली. मग म्हणाले, "रीत म्हटल्यावर इलाज नाही," आणि उठले. टायलरचा चेहरा असा फुलला, अहाहा! माझी मान ताठ झाली. जे आजवर कुणाला जमलं नाही ते मी केलं होतं ना!

पायऱ्या चढताना रॉयनी माझं कोपर घट्ट धरलं होतं. मला वाटलं, मान देतायत. कानांवर आवाज अडवणारे जाड टोप घालून आम्ही बसलो आणि गाड्या समोरून गेल्या. काय सांगू, रंगांचा नुसता लोंढा! जळक्या रबराचा वास, तोंडावर बारीक काळी धूळ, बाकसुद्धा थरथरत होता. मी लहान मुलीसारखी ओरडत होते. टायलर खायला आणायला खाली गेला. थोड्या वेळाने पहिला तुकडा संपला, गाड्या मंदावल्या, आवाज खाली आला. मी कानांवरचा टोप काढून म्हटलं, "तुमचा तो जाहिरातींचा थांबा आला बघा! आता द्या शिव्या."

रॉयनी शिव्या दिल्या नाहीत. "पुढे कोण आहे?" त्यांनी विचारलं. समोर घराएवढ्या फलकावर आकडे झळकत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड फलकाच्या भलत्याच बाजूला होतं.

"व्याही?"

"मधलं काही दिसत नाही," ते म्हणाले. "कडेचं थोडं दिसतं. दोन वर्षं झाली. आधी मी रागानेच बाहेर बसायचो, शपथेवर सांगतो. मग बाहेर बसणं सोयीचं झालं. बाहेर कुणाला कळत नाही. टायलरला सांगू नका, तो काळजीने अर्धा होईल."

ज्या थांब्याला ते इतकी वर्षं शिव्या देत आले, त्याच थांब्यात हे मला ऐकायला मिळालं. मग मला एकेक उमगत गेलं, पानांखाली गेलेला ट्रक, चहा कुठवर आला ते कळावं म्हणून कपात धरलेलं बोट. कसली मनधरणी नि कसलं काय! ज्या माणसाने झाकून ठेवलं होतं, त्याला मी हात धरून चव्हाट्यावर आणून बसवलं होतं. रागही आला, त्यांचा, माझा, सगळ्या जगाचाच. तेवढ्यात गाड्यांनी पुन्हा वेग घेतला आणि बोलणंच खुंटलं.

मग मी त्यांचा हात ओढून घेतला आणि तळहातावर बोटाने आकडा लिहिला, पुढच्या गाडीचा. मुलांना पाटीवर गिरवायला शिकवतात तसा, सावकाश. रॉयनी दचकून माझ्याकडे तोंड वळवलं. दुसऱ्या गाडीचा आकडा लिहिला, तिसऱ्या गाडीचा लिहिला. त्यांच्या ओठांवर हसू आलं. मग मी लिहीतच राहिले. कोण पुढे गेलं, कोण मागे पडलं, कोण भिंतीला घासलं त्याच्यावर फुली. त्यांच्या तळहाताला घाम आला होता, माझं बोट दुखायला लागलं होतं. टायलर ट्रे घेऊन आला तेव्हा आम्ही असे हातात हात घालून बसलेले. त्याने भुवया उंचावल्या. मी खुणेनेच गप्प राहा म्हटलं.

शेवट जवळ आला. रॉयचा आवडता, लाल गाडीवाला, सगळ्यांच्या कितीतरी पुढे. त्याचा आकडा मी पुन्हा पुन्हा लिहीत होते, रॉय पाय आपटत होते. आणि पिवळा झेंडा फडकला. गाड्या मंदावल्या, सगळं ग्रँडस्टँड उठून 'बूऽऽ' करून ओरडू लागलं.

"का? कशासाठी?" रॉयनी टोप काढून फेकला.

"रस्त्यावर कचरा आहे म्हणतायत," टायलर म्हणाला.

"कुठे आहे? तुला दिसतो?"

टायलरने पाहिलं. "नाही बुवा."

"तुम्हाला, विहीणबाई?"

"मला पण नाही."

रॉय उठून उभे राहिले, मूठ आवळून. "मला दोन वर्षं माझ्या पोराचं तोंड दिसत नाही! पण तुमचे तर डोळे धड आहेत ना? मग तो मेला कचरा दिसला कुणाला?"

आजूबाजूचे लोक टाळ्या पिटून हसले. टायलरही हसला. मग त्याचं हसू थांबलं. "पपा?" तो म्हणाला. "पपा, काय म्हणालात?"

पण तेवढ्यात हिरवा झेंडा फडकला आणि त्या गडगडाटात कुणाला काही बोलता येईना. शेवटचे सगळे फेरे टायलर वडिलांच्या चेहऱ्याकडे बघत उभा होता. ट्रॅककडे त्याने एकदाही पाहिलं नाही. लाल गाडी हरली. ते मी कुणाच्याच तळहातावर लिहिलं नाही.

परतताना रॉय आमच्याबरोबर हर्नडनला आले. टायलरने विचारलंच नाही, त्यांची बॅग आणून गाडीत टाकली. गाडीभर रॉय त्या पिवळ्या झेंड्यावर तोंडसुख घेत होते आणि टायलर "हो पपा, हो पपा" म्हणत डोळे पुसत गाडी चालवत होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलंय ते परत येणार नाही. उरलंय ते इंजेक्शनांनी टिकवता येईल. दोन वर्षं आधी आले असते तर जास्त उरलं असतं. हे ऐकून मला त्या ट्रॅक चालवणाऱ्यांचा जो संताप आला! त्यांनी काही डोळे घेतले नाहीत, मला कळतं. पण इतकी माणसं, इतके झेंडे, आणि दाराशी बसलेल्या म्हाताऱ्याला "का हो, आत का येत नाही?" एवढं विचारायला एकही मोकळा नसावा?

मी नागपूरला परतले. त्या ट्रॅकवर वर्षात दुसरी शर्यत होते ती शरद ऋतूत. तिच्या दुसऱ्या दिवशी टायलरचा फोन आला. दोघं जाऊन आले होते आणि टायलरचं बोट सुजलं होतं. मी विचारलं, "मग? पपांनी केलं का त्या लोकांना माफ? गेला का रुसवा?"

"छे हो, आई," तो म्हणाला. "पपा अजून रुसलेलेच आहेत. फक्त आता माझ्या शेजारी बसून रुसतात."