मेट्रनला सोबत

मेट्रन, तू आता अगदी मजेत आहेस, असं तुझ्या मुलाने मला फोनवर सांगितलं. तुलाही सांगितलंय ना? नसेल तर विचारून घे.

ज्यांना ही बाई ठाऊक नाही, त्यांच्यासाठी तिची शेजारीण म्हणून सांगते, उभा जन्म तिने इस्पितळात वॉर्ड गाजवला. तिच्या चपलांचा आवाज आला की पेशंट मुकाट्याने बरे व्हायला लागत. पुढे ती निवृत्त झाली, नवरा गेला, आणि दूरच्या शहरातल्या मुलाने आईच्या सुखाचा विडा उचलला. गॅस नको, जिना नको, बाजार नको. आई दिवसभर खुर्चीत. एवढं सुख असूनही ती सुकत चालली, म्हणून त्याने गप्पा मारायला पगारी सोबतीण ठेवली. तीही साठी ओलांडलेली.

पहिल्याच दिवशी मेट्रनची नजर तिच्या पायांवर गेली.

"ही सूज कधीपासून?"

"असू दे हो बाई. मी तुमची सोबत करायला आलेय."

"आडवी पडून कर. पाय उशीवर घे. आणि थर्मामीटर तोंडात असताना बोलू नकोस!"

तेव्हापासून सोबतीण पलंगावर आणि मेट्रन स्वतःच्या पायांवर. पट्ट्या, औषधं, दटावणी. महिन्याभरात मेट्रनच्या गालांवर रंग चढला, जेवण वाढलं, आवाज तर जिन्यापर्यंत ऐकू येऊ लागला. मुलगा जो भेटेल त्याला सांगत सुटला, "त्या बाईने जादू केली!" जादू तेव्हा रजईत घोरत असायची.

एकदा तो न कळवता आला. पाहतो तो काय, पगारी बाई पलंगावर आणि आई तिला चमच्याने सूप पाजतेय.

"आई, हिला तुझी काळजी घ्यायला ठेवलं होतं!"

"घेतेय की. आणि हळू बोल, वॉर्ड आहे हा."

झालं! आईला घर आणि इस्पितळ यातला फरक कळेनासा झाला, असं त्या शहाण्याने ठरवून टाकलं. सोबतिणीला नारळ दिला, आईला स्वतःकडे नेलं. तिथे तिला रोज ज्येष्ठांच्या आनंदवर्गात टाळ्या वाजवायला बसवतात. हसण्याचा तास वेगळा.

मेट्रन, सोबतिणीला काढल्यावर येत्या सोमवारी तिच्या घरी जाऊन पट्टी बदलायची, असं आपलं ठरलं होतं. सोमवारी मी क्रेप बँडेजची नवी गुंडाळी घेऊन आले, तर तुझ्या दाराला कुलूप. गुंडाळी अजून माझ्या पर्समध्ये आहे. घोट्यापासून वर बांधायची की गुडघ्यापासून खाली, हे तू तिच्या घरी गेल्यावर दाखवणार होतीस.