अकरा मीटरवरचा खडक

शिम ग्वांग-सिक खेकडे घ्यायला गेला की वर मांडलेला खेकडा कधीच घ्यायचा नाही. टोपलीच्या तळाचा काढायला लावायचा, उलटा करून त्याच्या पोटावर अंगठा दाबायचा आणि मग विकणारीच्या तोंडाकडे बघायचा. बायको म्हणायची, "तुमच्याबरोबर बाजारात येणं म्हणजे फौजदाराबरोबर येणं. पुढच्या वेळी मी एकटीच येईन."

तो जन्मापासून असा नव्हता. चोविसाव्या वर्षी नवखा इंजिनिअर असताना एका मार्केटच्या जिन्याच्या तपासणीवर त्याने सही केली होती. गज नीट बांधलेत असं वरचा साहेब म्हणाला आणि त्याने मान हलवली. चार महिन्यांनी जिना खचला. मुळे विकणाऱ्या एका बाईचा पाय गुडघ्यापासून गेला. त्या बाईला तो दरवर्षी भेटायला जायचा. ती त्याला कधी एका शब्दाने बोलली नाही, उलट जाताना पिशवीत मुळे घालून द्यायची. त्याने तो आणखीच खचून जायचा. तेव्हापासून कोणाच्या शब्दावर त्याने मान हलवली नाही.

गुन्सानला बंदराजवळच्या जुन्या भातगिरणीच्या जागेवर शॉपिंग सेंटर बांधायचं ठरलं, तेव्हा तो त्रेपन्न वर्षांचा होता आणि साइटचा मुख्य साहेब होता. खाली सुपरमार्केट, वर कपड्यांची आणि भांड्यांची दुकानं, त्यावर खाण्याचे गाळे आणि सगळ्यात वर दोन मजले गाड्या. कंपनीचे चेअरमन ह्योन यांनी सुपरमार्केटवाल्यांना शब्द दिला होता की छुसॉकच्या, म्हणजे सुगीच्या सणाआधी दुकान उघडेल. कंटेनर ऑफिसच्या भिंतीवर शिमने पंधरा महिन्यांचा तक्ता लावला होता. कोणत्या आठवड्यात पाया, कधी स्लॅब, कधी सरकते जिने येणार, गाळेवाले आत कधी शिरणार, सगळं रंगीत पट्ट्यांत. आर्किटेक्टने दाखवलेलं ट्रकचं वळणसुद्धा त्याला खोटं वाटलं. त्याने मैदानात चुन्याच्या रेघा मारल्या आणि खरा ट्रक वळवून पाहिला. मागचं चाक हातभर बाहेर गेलं. नकाशा बदलावा लागला. त्या दिवशी तो जरा खुशीत होता.

"साहेबांना चूक सापडली की भूक लागते," त्याची दुय्यम इंजिनिअर प्यो योंग-रान हळूच म्हणाली. ती चौतिशीची होती, बोलायला तिखट, कामाला चोख.

जमीन चिखलाची होती, म्हणून पाया पाइलवर होता. काँक्रीटचे लांब खांब घणाने ठोकत सत्तावीस मीटर खाली खडकापर्यंत न्यायचे. हे काम बोंग दोक-बे या मुकादमाकडे होतं. बोंग शिमपेक्षा सात वर्षांनी मोठा. वीस वर्षं दोघांनी एकत्र कामं केली होती. साइटवर तो "साहेब" म्हणायचा आणि माक्कोल्लीचे, म्हणजे तांदळाच्या दारूचे, दोन वाडगे पोटात गेले की "अरे ग्वांग-सिक". शिम त्याला कायम "बोंगदादा" म्हणे.

तिसऱ्या आठवड्यात बोंग दारात येऊन उभा राहिला.

"साहेब, नैर्ऋत्येच्या रांगेत खडक वर आलाय. अकरा मीटरवरच पाइल थांबतोय."

"सत्तावीसचा खडक अकरावर? लिफ्टने आला का?"

"माझ्यावर कशाला चिडता? मी ठोकतोय, तो जात नाही."

शिमने कागद मागवले. शेवटच्या ठोक्यांना पाइलवर कागद चिकटवतात आणि पेन्सिल टेकवून ठेवतात, पाइल किती खचला ते रेघेवरून कळतं. चौतीस पाइलचे चौतीस कागद होते. सगळ्यांवरची रेघ जणू एकाच हाताने गिरवलेली. खरा खडक कुठे उंच, कुठे खोल, कुठे ठिसूळ असतो. हा इतका शिस्तीचा कसा?

त्याच संध्याकाळी त्याला आणखी एक गोष्ट दिसली. प्रत्येक पाइल दोन तुकड्यांचा असतो, खालचा ठोकून झाला की वरचा जोडतात. या रांगेत वरचे तुकडे लागलेच नव्हते, आणि ते साइटवर नव्हते. चौकीदार म्हणाला, बोंगच्या माणसांनी ट्रकमधून नेले. दुसऱ्या दिवशी भातसूपाच्या दुकानात बोंग चेअरमनच्या भाच्याबरोबर एका टेबलावर बसलेला दिसला. भाचा हसत होता. शिम आत न जाताच परत फिरला.

एकदा शंका शिरली की तिला सगळीकडे खायला मिळतं. बोंगने नवी चप्पल घेतली, ती दिसली. बोंग फोनवर बोलताना कुंपणाकडे जातो, तेही दिसलं. डिझाइन कंपनीने खडक वर असू शकतो असं एका पानाचं पत्र दोन दिवसांत पाठवलं, एरवी ज्यांना साध्या उत्तराला तीन आठवडे लागतात त्यांनी.

त्यात भर म्हणून रोज सकाळी गेटवर योम आजोबा यायचे. वय एक्याऐंशी, हातात काठी. "तुमच्या घणाने माझ्या किमचीच्या बरण्या नाचतात," ही त्यांची तक्रार.

"तुमचं घर कुठे, आजोबा?"

"माशांच्या गोदामामागे."

म्हणजे तीनशे मीटर. मधली शाळा काही म्हणत नव्हती, लाँड्रीवाला काही म्हणत नव्हता. शिम प्योला म्हणाला, "म्हाताऱ्याला भरपाई हवीय. कोणीतरी शिकवून पाठवलंय. चहा पाज आणि वाटेला लाव."

सोमवारी सकाळी सगळे कामगार मैदानात कवायतीला जमले होते. हात वर, हात खाली झालं, सुरक्षेच्या सूचना झाल्या, आणि शिम पुढे आला. हे त्याला कंटेनरमध्ये बसून, दार लावून बोलता आलं असतं. तो चाळीस माणसांसमोर बोलला.

"बोंगदादा, चौतीस पाइलचे वरचे तुकडे कुठे आहेत?"

बोंगने आजूबाजूला पाहिलं. "साहेब, आत बोलू."

"इथेच बोला. पाइल अकरावर थांबला, की तुम्ही थांबवलात?"

बोंगचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा. त्याने हेल्मेट काढलं, पट्टा नीट आत घातला आणि ते शिमच्या पायाशी न आपटता शेजारच्या पिंपावर ठेवलं.

"ग्वांग-सिक," तो म्हणाला, माक्कोल्ली न पिता, सगळ्यांदेखत. "तुझ्या बापाच्या मयतीला खांदा दिलेला माणूस आहे मी."

एवढं बोलून तो गेला. त्याची चार माणसंही त्याच्यामागे गेली.

शिमने सोलहून दुसरी टोळी मागवली. त्या टोळीतल्या कोणाला बोंगचं नावही माहीत नव्हतं. शिम स्वतः घणाजवळ उभा राहिला, स्वतः कागद चिकटवला, स्वतः पेन्सिल धरली. पाइल गेला, गेला, आणि अकरा मीटर तीस सेंटिमीटरवर थांबला. घण पडत राहिला, पाइल जागचा हलेना. कागदावर तीच रेघ उमटली, तशीच, जणू त्याच हाताने गिरवलेली. हात या वेळी त्याचा स्वतःचा होता.

"आणखी ठोकू का साहेब? डोकं फुटेल पाइलचं," नवा मुकादम म्हणाला.

"थांबा."

तो कंटेनरमध्ये येऊन बसला. प्यो समोर आली आणि तिने एक कागद टेबलावर ठेवला. गेट पास होता. 'वरचे तुकडे ३४, कंपनीच्या यार्डात. कारण : गजांचे ट्रक येणार, वाट मोकळी करणे.' खाली सही.

"ही सही तुमची आहे, रोजच्या पासांच्या गठ्ठ्यात केलेली," प्यो म्हणाली. "मी शनिवारी यार्डात जाऊन मोजले. चौतीसच्या चौतीस आहेत."

"सोमवारी कवायतीच्या आधी का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते." तिने पास त्याच्याकडे सरकवला. "मग तुम्ही विचारलं असतं, प्यो, तुझं आणि बोंगचं काय चाललंय."

शिमने नेमकं तेच विचारलं असतं.

तेवढ्यात गेटवर योम आजोबांचा आवाज आला. आज बरणी फुटली होती आणि पुरावा म्हणून त्यांनी खापर आणलं होतं. प्यो म्हणाली, "साहेब, मी कंपनं मोजायचं यंत्र घेऊन जाऊ का? खोटं असेल तर एकदाचं मिटेल."

दुपारी घण पुन्हा सुरू केला आणि ती यंत्र घेऊन निघाली. परतल्यावर तिने आकडे टेबलावर मांडले. शाळेत जवळजवळ शून्य. लाँड्रीत शून्य. आजोबांच्या परसात मात्र काटा वर. तीनशे मीटरवर घर हलतंय आणि साठ मीटरवरची शाळा शांत.

त्या संध्याकाळी शिम स्वतः योम आजोबांच्या परसात गेला. फुटलेल्या बरणीजवळ उकिडवा बसला आणि तळहात जमिनीला लावला.

"आजोबा, तुमच्या घराखाली काय आहे?"

"धक्का," म्हातारा म्हणाला, जणू हे कुत्र्यामांजरांनाही माहीत असावं. "दगडी धक्का. जपान्यांच्या काळात इथून तांदळाची गलबतं भरायचे. माझा बाप पोती वाहायचा. तुमच्या गिरणीपासून थेट इथपर्यंत सरळ रांग होती. मग खाडी भरली, धक्का गेला गाडला. माझं घर त्याच्याच टोकावर आहे, शाळा नि लाँड्री नुसत्या भरावावर."

"हे तुम्ही आम्हाला का नाही सांगितलं?"

"तुम्ही चहा पाजून बाहेर काढता. विचारलंत कधी?"

दुसऱ्या दिवशी त्या रांगेत बोअरचं यंत्र लागलं. अकरा मीटरवर दगड लागला. गोल नळीतून तो वर आला, करडा, कठीण. मग त्याच्याखाली बोटभर जाडीचा पांढरा थर आला. शिमने नखाने खरवडला. चुना होता. खडकात चुन्याचा सांधा नसतो. त्याखाली आणखी एक दगड, आणि त्याखाली काळा, दुर्गंधी येणारा चिखल, त्यात कालवांचे शिंपले. पंधरा मीटर नुसता चिखल. खरा खडक सत्तावीसवरच होता, जिथे असायला हवा तिथेच.

तीन मजल्यांचं सेंटर, वर दोन मजले गाड्या, आणि त्याचा एक कोपरा चिखलात तरंगणाऱ्या जुन्या भिंतीवर. आज काही झालं नसतं. पाच वर्षांनी, एखाद्या सणाच्या गर्दीत झालं असतं. शिमला मुळे विकणारी बाई आठवली.

चेअरमन ह्योनसमोर त्याने नमुन्यांची लाकडी पेटी ठेवली. सुपरमार्केटची प्रतिनिधी बाई होती, भाचाही होता.

"डिझाइन कंपनीने खडक मान्य केलाय," भाचा म्हणाला. "त्यांचं पत्र आहे."

"मग ते पत्र अंथरा खाली आणि त्यावर सेंटर उभं करा. माझी सही मिळणार नाही."

चेअरमनने त्याला बराच वेळ न्याहाळलं. "शिम, खरं सांग. काम आधीच आठवडाभर मागे आहे. छुसॉक गाठता येत नाही म्हणून हा दगड कुठून तरी उचलून आणलास ना?"

शिमला हसू आलं. तीस वर्षं तो दुसऱ्यांकडे ज्या नजरेने बघत आला, ती नजर आज त्याच्यावर होती. खरं बोलणाऱ्या माणसाला त्यातून बाहेर पडायला वाटच नसते, हे त्याला पहिल्यांदा कळलं. तो एवढंच म्हणाला, "बोअरचं यंत्र अजून तिथेच आहे. तुम्ही बोट दाखवाल तिथे लावतो. तुमच्यासमोर."

चेअरमन बूट घालून साइटवर आले. त्यांनी रांगेत तीन ठिकाणी बोट दाखवलं. तिन्ही ठिकाणी चुना निघाला, तिन्ही ठिकाणी चिखल. त्यांनी चुन्याचा खडा चिमटीत धरून चुरडला आणि भाच्याला म्हणाले, "भातसूप खायला बोलावून मुकादमाला घाई करायला सांगत होतास, आलंय माझ्या कानावर. आता सुपरमार्केटवाल्या बाईंना तूच सांग, सण गेला म्हणून."

धक्क्याला भोकं पाडून पाइल पुन्हा खडकापर्यंत न्यावे लागले. भिंतीवरच्या तक्त्याच्या पट्ट्या सहा महिने पुढे सरकल्या. सेंटर उघडलं ते मार्चमध्ये.

त्याआधीच, पाइल पूर्ण झाले त्या आठवड्यात, शिम नदी ओलांडून जांगहांगला बोंगच्या घरी गेला. बोंग अंगणात लसूण निवडत होता. त्याने बसायला सांगितलं नाही. शिम उभ्यानेच सगळं बोलला. कमरेत वाकून माफी मागितली.

"मला माहीत होतं," बोंग म्हणाला.

"काय?"

"खडकाचा आवाज तो नव्हता. खडकावर पाइल टेकला की टण्ण वाजतं. तिथे बद्द वाजत होतं, जणू आत पोकळी आहे. चाळीस वर्षं ठोकतोय मी."

"मग बोलला का नाहीत, दादा?"

बोंगने लसणाची गड्डी खाली ठेवली. "कोणाजवळ बोलू? तुझ्याजवळ शंका बोलली की बोलणाराच आरोपी. भाचा म्हणत होता, पटपट उरका. तू म्हणणार, तुला आधी कसं कळलं. मी म्हटलं, कागद लिहू, कागद खरे आहेत. बाकीचं ग्वांग-सिकला दिसेल, तो सगळंच बघतो." त्याने दुसरी गड्डी उचलली. "तुला जमिनीचा संशय आला, ते बरोबर होतं. तो तू माझ्या अंगावर टाकलास."

शिमने पुढच्या कामाचं विचारलं. बोंगने मान हलवली. नाही म्हणून.

त्यानंतर शिमच्या साइटवर कवायत झाली की एक नवी गोष्ट सुरू झाली. काल कोणाला काय खटकलं, असं तो विचारायचा आणि जो बोलेल त्याला उलटा प्रश्न विचारायचा नाही. सुरुवातीचे दोन आठवडे कोणी तोंड उघडलं नाही. मग एका वेल्डरने सरकत्या जिन्याच्या खड्ड्यात पाणी झिरपतंय असं सांगितलं. शिमच्या जिभेवर आलं होतं, तुला तिथे जायला कोणी सांगितलं होतं? प्योने त्याच्याकडे पाहिलं. त्याने प्रश्न गिळला आणि खड्डा बघायला गेला. पाणी खरंच होतं.

स्वभाव काही गेला नाही. खेकडे तो अजून उलटे करूनच घ्यायचा.

दोन हिवाळे गेले. एका दुपारी त्याला फोन आला. मागे मशीनची घरघर होती.

"ग्वांग-सिक, मी सोचॉनला एका गोदामाचं काम घेतलंय. खालचा आवाज मला पटत नाहीये. इथला साहेब पोरगेला आहे, त्याला काही कळत नाही. येऊन ऐकशील का?"

"येतो, दादा," शिम म्हणाला आणि बायकोला जेवायला थांबू नकोस असं सांगून निघाला.